तू कुठे राहतेस?

स्तर ४ · वाचनपाठ ९

वाचण्याआधी
तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राशी किंवा मैत्रिणीशी आजच पहिल्यांदा ओळख झाली आहे असं समजा. तिला किंवा त्याला मराठीत पाच प्रश्न विचारा. प्रश्न वहीत लिहून ठेवा. पाठ वाचून झाल्यावर ते पुन्हा लागणार आहेत.

पाठ

मित्रांनो, आपल्या शाळेच्या पहिल्या स्तराच्या पुस्तकातला पहिला संवाद आठवतो का? तुझं नाव काय? तू कुठे राहतोस? तुझ्या घरी कोण कोण आहे? हे तीन प्रश्न आले की कोणाशीही ओळख करून घेता येते, असं मीच तुम्हाला शिकवलं होतं.

आज मी एका अशा जागेबद्दल सांगणार आहे जिथे हे तीनही प्रश्न विचारायचे नसतात.

आपलं डब्लिन, म्हणजे कॅलिफोर्नियातलं डब्लिन (आयर्लंडमधलं नव्हे, आजीला फोनवर दर वेळी सांगावं लागतं ते), तसं नवं शहर आहे. १९८२ साली ते शहर झालं. बार्टची दोन स्टेशनं, ५८० आणि ६८० हे दोन मोठे रस्ते, नवी घरं, नव्या शाळा, एमराल्ड ग्लेन पार्क. इथे फिरताना कोणाला घर नाही असं वाटतच नाही. मलाही वाटलं नव्हतं. मी इथे आले, नोकरी सुरू केली, दिवसभर कॉम्प्युटरमधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी तुम्हाला बाराखडी शिकवायची, एवढंच माझं जग होतं.

मग एका मैत्रिणीबरोबर मी एका निवाऱ्यात मदतीला जायला लागले. निवारा म्हणजे ऊन, पाऊस, थंडी यांपासून वाचवणारी जागा. पण काही माणसांना पावसापासून नाही, घरातल्याच माणसापासून वाचायचं असतं. नवरा मारतो, पैसे देत नाही, फोन तपासतो, पासपोर्ट लपवून ठेवतो. अशा बाईला मुलांना घेऊन रात्रीतून घर सोडावं लागतं. तिच्यासाठी आणि मुलांसाठी ही जागा असते. त्या निवाऱ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तो कोणत्या गावात आहे हेही सांगणार नाही.

माझं तिथलं पहिलं काम अगदी सोपं होतं. मुलांना गृहपाठात मदत करायची. टेबलाशी एक मुलगी बसली होती, आठ-नऊ वर्षांची. (तिच्याबद्दलच्या काही गोष्टी मी मुद्दाम बदलल्या आहेत. पुढेही बदलणार आहे.) ती भागाकार करत होती. मी खुर्ची ओढली, हसले आणि मोठी माणसं लहान मुलांना जे विचारतात तेच विचारलं. नाव काय तुझं? कुठे राहतेस?

तिची पेन्सिल थांबली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मग म्हणाली, "ते मी सांगत नाही." आणि पुन्हा भागाकार करायला लागली.

मला वाटलं, मुलगी जरा उद्धट आहे.

घरी जाताना तिथल्या ताईंनी मला थांबवलं. त्या बरीच वर्षं हे काम करतात. रागावल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "तिची आई दोन आठवडे तिच्याकडून हेच उत्तर पाठ करून घेतेय. शाळेत, बसमध्ये, दुकानात, कोणीही विचारलं तरी काय म्हणायचं ते. आज पहिल्यांदाच कोणीतरी तिची परीक्षा घेतली."

मला प्रशिक्षणात हे सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. तरी तोंडातून प्रश्न गेलाच, कारण सवय.

आता कारण समजून घेऊ. घरातून पळून आलेल्या बाईला सगळ्यात जास्त धोका कधी असतो? घरात असताना, असं आपल्याला वाटेल. पण या क्षेत्रात काम करणारे सांगतात की घर सोडतानाचे आणि त्यानंतरचे दिवस फार धोक्याचे असतात. कारण जो माणूस तिला ताब्यात ठेवत होता, त्याच्या हातातून ती निसटलेली असते. तो शोधत असतो. म्हणून पत्ता गुप्त ठेवायचा असतो. मदत करणाऱ्यांनीही तो कोणाला सांगायचा नाही, आपल्या घरच्यांनाही नाही. कॅलिफोर्नियात तर सरकारची 'सेफ ॲट होम' नावाची एक सोय आहे. त्यात अशा बाईला खऱ्या पत्त्याऐवजी वापरायला दुसरा टपालाचा पत्ता मिळतो. पत्रं आधी तिथे जातात आणि मग तिच्याकडे पोहोचतात. सरकारी कागदांवरही तिला खऱ्या पत्त्याऐवजी तोच पत्ता वापरता येतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त लागू आहे. फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला हेसुद्धा लपून बसलेलं असू शकतं. मुलांच्या फोनवर, टॅबवर, खेळांच्या ॲपमध्ये 'मी इथे आहे' हे दाखवणारी बटणं असतात. निवाऱ्यात आलेल्या मुलांची ही बटणं आधी बंद करतात. तुमच्याएवढ्या मुलाला एकदम मित्रांशी खेळता येत नाही, फोटो टाकता येत नाही, आपण शाळेत का आलो नाही हे सांगता येत नाही. चूक त्याची काहीच नसते.

गुप्त पत्ता, दीडशे वर्षांपूर्वीचा

हे सगळं अमेरिकेतून आलेलं आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. आता आपण जरा पुण्यात जाऊ.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात एक घर उघडलं. त्याचं नाव होतं बालहत्या प्रतिबंधक गृह. नाव अवघड आहे, फोडून वाचा: बाल-हत्या म्हणजे लहान बाळाला मारणं, प्रतिबंधक म्हणजे थांबवणारं. त्या काळात मुलींची लग्नं फार लहानपणी होत. नवरा वारला की उच्च जातींतल्या त्या मुलीला पुन्हा लग्न करू देत नसत. अशा विधवा मुलीवर घरातल्याच कोणी पुरुषाने जबरदस्ती केली आणि तिला दिवस गेले, तर दोष तिलाच. मग ती जीव द्यायची, किंवा बाळाचा जीव घ्यायची. फुल्यांनी शहरात जाहिराती लावल्या: इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, कोणाला कळणार नाही. इथेही गुप्तता होतीच, पाहा.

तिथे काशीबाई नावाची एक विधवा आली. तिच्या मुलाला, यशवंतला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला. सावित्रीबाईंना तुम्ही 'पहिल्या शिक्षिका' म्हणून ओळखता. दर वर्षी ३ जानेवारीला आपण त्यांच्यावर भाषणं ठेवतो, पण त्या भाषणांत या घराचं नाव क्वचितच येतं. मला हे चुकीचं वाटतं. शाळा काढणं अवघड होतंच, पण हे जास्त अवघड असणार.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. त्या आपल्या इथपर्यंत आल्या होत्या, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईला संस्कृत शिकवलं होतं आणि आईने रमाला. बाईने संस्कृत शिकणं तेव्हा लोकांना मान्य नव्हतं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पायी फिरायचं, पुराणं सांगायचं. दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पोटात अन्न नसताना देशभर चालत राहिले. म्हणजे 'बेघर' या शब्दाचा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. पुढे भाऊही गेला. लग्न झालं, मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ मध्ये नवरा वारला. वय तेवीस.

त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथून १८८६ मध्ये अमेरिकेला आल्या, कारण फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या. त्या समारंभाची तारीख ११ मार्च १८८६. समारंभाला आलेल्या रमाबाई मग जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. गावोगावी फिरून भाषणं दिली. विधवांसाठी शाळा आणि घर काढायचं आहे, असं त्या सांगत. इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये १८८७ च्या डिसेंबरात 'रमाबाई असोसिएशन' स्थापन झालं आणि या कामाला दहा वर्षं पैसे द्यायचं ठरलं. १८८८ मध्ये त्या सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने जपानमार्गे परत निघाल्या. सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे डब्लिनहून बार्टने साधारण एक तास.

मुंबईत पोहोचल्यावर त्यांनी चौपाटीजवळ 'शारदा सदन' उघडलं. तारीख ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं झाली होती. आनंदीबाई मात्र तोपर्यंत हयात नव्हत्या.

सदनात शिकायला आलेली पहिली विधवा होती गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये तिचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. हेच ते महर्षी कर्वे, ज्यांनी नंतर पुण्याजवळ हिंगण्याला विधवांसाठी आश्रम आणि शाळा चालवली. एका घरातून दुसरं घर निघतं, ते असं.

सगळं गोड झालं असं समजू नका. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या. १८९३ मध्ये पुण्यात ओरड झाली की त्या मुलींना ख्रिस्ती करतात. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. आधी मदत करणारी मोठी माणसं दूर गेली. त्यांचं कुठे बरोबर, कुठे चूक, यावर आजही लोक वाद घालतात आणि तुम्हीही मोठे झाल्यावर दोन्ही बाजू वाचा. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन, उपाशी बायका-मुलींना शोधून, त्यांना पुण्याजवळ केडगावला घेऊन येणाऱ्या याच बाई होत्या. केडगावचं 'मुक्ती मिशन' आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं.

माहेर

आता एक शब्द. माहेर.

माहेर म्हणजे लग्न झालेल्या मुलीच्या आईवडिलांचं घर. शब्दकोशात एवढंच सापडेल. पण माहेर ही फक्त जागा नाही, ती एक सोय आहे. सासरी जाच झाला, भांडण झालं, आजारी पडलं, की बाई पिशवी भरते आणि माहेरी जाते. दार वाजवायला लागत नाही. किती दिवस राहणार, असं (निदान पहिल्या दिवशी तरी) कोणी विचारत नाही. अर्थात सगळ्यांचीच माहेरं अशी नसतात. 'नांदायला परत जा, लोक काय म्हणतील' असं सांगून मुलीला त्याच घरी परत पाठवणारी माहेरंही खूप आहेत.

लग्न होऊन डब्लिनला आलेल्या मुलीचं माहेर विमानाने वीस-बावीस तास लांब असतं. तिचा व्हिसा पुष्कळदा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतो. त्याला 'एच-४' म्हणतात हे तुमच्यापैकी काहींना घरात ऐकून माहीत असेल. अनेक जणींना त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. बँकेचं खातं त्याचं, गाडी त्याची, इथली ओळखीची माणसं त्याच्या ऑफिसातली. 'मी सांगितलं तर तुला परत पाठवतील, मूल इथेच राहील,' अशी धमकी दिली की ती गप्प बसते. ही धमकी बहुतेक वेळा खोटी असते. निवाऱ्यात आसरा घ्यायला व्हिसाची अट नसते, आणि छळ सहन करणाऱ्या परदेशी बायकांसाठी अमेरिकेच्या कायद्यात वेगळे रस्ते आहेत. पण हे तिला कोणीतरी, तिला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं.

म्हणून आपल्या लोकांनी इथे संस्था काढल्या. १९८५ मध्ये न्यू जर्सीत 'मानवी' सुरू झाली. आपल्या बे एरियात १९९१ मध्ये 'मैत्री' आणि १९९२ मध्ये 'नारिका'. नावं वाचली की कळतं, कोणासाठी आहेत. सुरुवात साधी होती: एक फोन आणि तो उचलणाऱ्या स्वयंसेवक बायका. आपल्या शेजारच्या लिव्हरमोरमध्ये १९७७ पासून 'ट्राय-व्हॅली हेवन' काम करतं. ती फक्त भारतीयांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. छळातून सुटून आलेल्यांसाठी एक घर, बेघर कुटुंबांसाठी दुसरं घर, शिवाय धान्य देणारी पँट्री आणि जुन्या वस्तूंचं दुकान. आणि १९९५ पासून 'ओपन हार्ट किचन' आपल्या भागात गरम जेवण देतं. तिथे जेवायला येणाऱ्याला काही सिद्ध करावं लागत नाही. ताट घ्यायचं, बसायचं.

'भांडण झालं'

निवाऱ्याच्या स्वयंपाकघरात एकदा मी एकटीच पुटपुटत होते, "मीठ कुठाय?" मागून आवाज आला, "वरच्या फळीवर, डाव्या हाताला." मी मीठ घेतलं. मग आम्ही दोघीही एकदम थांबलो. मी वळून पाहिलं. त्या बाईंना आपण मराठीत बोललो हे स्वतःलाच उशिरा कळलं होतं.

मला वाटलं त्या आता खूप काही सांगतील. तसं काही झालं नाही. आम्ही कांदा कसा चिरायचा यावर बोललो. कुकर लावायचा का असं मी विचारलं, तर म्हणाल्या, नको, शिट्टीने पोरं दचकतात. म्हणून डाळ उघड्या पातेल्यात शिजवली. तासभर लागला. तो तास बरा गेला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक कागद दाखवला. कोर्टाचा होता, मुलाच्या ताब्याबद्दल. वकील होते, दुभाषीही मिळणार होती, तरी कागदावर काय लिहिलंय ते त्यांना आधी आपल्या भाषेत ऐकायचं होतं. मी वकील नाही, म्हणून ताईंची परवानगी घेऊन फक्त वाचून दाखवलं. आपलं मत दिलं नाही. वाचता वाचता त्या म्हणाल्या की आत्तापर्यंत हे सगळं मुलगाच वाचून सांगायचा. वय दहा. घरी पोलीस आले तेव्हाही तोच मध्ये उभा होता. पोलीस इंग्रजीत विचारायचे, तो मराठीत आईला सांगायचा, आईचं उत्तर इंग्रजीत परत द्यायचा.

आईने सांगितलं, "मला मारलं." मुलाने इंग्रजीत सांगितलं, भांडण झालं.

आईला एवढं इंग्रजी कळत होतं. पण त्या क्षणी ती काही बोलली नाही. मुलाचा चेहरा तिने पाहिला होता.

हे मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही सगळे दुभाषी आहात. आजी आली की डॉक्टरकडे तुम्हीच बोलता. दुकानात तुम्हीच विचारता. कधी कधी एखादा शब्द गाळता, कधी बदलता, आजीला वाईट वाटू नये म्हणून. त्या मुलानेही तेच केलं. त्याने वडिलांना वाचवलं, की आईला, की स्वतःला, मला ठरवता आलेलं नाही. म्हणूनच निवाऱ्यांमध्ये मुलांना दुभाषी करत नाहीत. मोठं, प्रशिक्षण घेतलेलं माणूस शोधतात, निदान फोनवर तरी. ९११ ला फोन केला तरी दुभाषी मागता येतो.

या कामाला मराठी येणारी मोठी माणसं फार थोडी आहेत. कॅलिफोर्नियात छळ झालेल्या बाईशी समुपदेशक म्हणून बोलायचं तर ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यासाठी साधारणपणे १८ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. तुमच्यातले काही जण पाच-सहा वर्षांत तिथे पोहोचतील.

अकरा खोकी

गेल्या दिवाळीत आपल्या शाळेने सामान गोळा केलं ते तुम्हाला आठवत असेल. अकरा खोकी जमली. आपण टाळ्या वाजवल्या. त्या अकरांपैकी चार घेतली, सात परत आली, हे मात्र आम्ही तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगते. त्यात एक चाक नसलेल्या गाड्या होत्या, अर्धी कोडी सोडवलेली पुस्तकं होती, डाग पडलेले लेहेंगे होते, तारीख उलटून गेलेला म्हैसूरपाक होता. माझ्या घरचा एक टोस्टरही त्यात होता, आणि तो चालत नव्हता. आपल्याला नको ते आपण दिलं होतं.

काय लागतं ते विचारलं तर यादी वेगळीच निघते. नवे मोजे, नवे आतले कपडे, मोठ्या मापाचे डायपर, उशा, फोनचे चार्जर, किराणा दुकानाची गिफ्ट कार्डं. आणि सूटकेस. घाईत निघालेली माणसं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कपडे भरून येतात. निवाऱ्यातून स्वतःच्या घरी जाताना पुन्हा तीच पिशवी हातात घ्यायला कोणाला आवडेल? चाकं नीट फिरणारी, साखळी लागणारी सूटकेस द्या. आपल्या प्रत्येकाच्या गराजमध्ये भारतवारीच्या तीन तरी पडून आहेत.

१८ वर्षांखालच्या मुलांना साधारणपणे निवाऱ्याच्या आत काम करता येत नाही. का, ते आता तुम्हाला माहीत आहे. धान्याची पाकिटं लावणं, डबे भरणं, तारखा तपासणं हे मोठ्यांबरोबर जाऊन करता येतं. काम कंटाळवाणं आहे. दोन तास फक्त राजम्याच्या डब्यांवरच्या तारखा वाचायच्या.

शेवटची एक माहिती, आणि ही तुमच्या स्वतःच्या वर्गातली आहे. अमेरिकेत १९८७ चा 'मॅकिनी-व्हेंटो' कायदा आहे. घर गेलेल्या मुलाला त्याच्या जुन्याच शाळेत शिकत राहायचा हक्क आहे. शाळेने त्याच्या येण्या-जाण्याची सोय करायची. नव्या शाळेत जायचं असेल तर पत्त्याचे कागद नसले तरी लगेच प्रवेश द्यायचा. आणि या कायद्याने बेघर म्हणजे फक्त रस्त्यावर झोपणारा नाही. मोटेलमध्ये, गाडीत, निवाऱ्यात किंवा नाइलाजाने दुसऱ्याच्या घरातल्या दिवाणखान्यात राहणारं मूलही त्यात येतं. म्हणजे तुमच्या वर्गात असं कोणी असू शकतं आणि तुम्हाला ते दिसणार नाही.

हा पाठ वाचताना तुमच्या स्वतःच्या घरातलं काही आठवलं, तर ते लिहून देऊ नका, पण कोणाला तरी सांगा. शाळेतल्या काउन्सेलरना सांगू शकता. एक लक्षात ठेवा: कोणी मुलाला मारत असेल असं कळलं, तर अमेरिकन शाळेतल्या शिक्षकांना ते कळवावंच लागतं. कायदाच तसा आहे. देशभर चालणारा मदतीचा फोन १-८००-७९९-७२३३ हा आहे, दिवसरात्र.

शब्दार्थ

निवारा – ऊन, पाऊस, भीती यांपासून वाचवणारी जागा
आसरा – संकटात मिळालेली जागा किंवा आधार. 'आसरा घेणं', 'आसरा देणं' असं म्हणतात. पुस्तकी मराठीत यालाच 'आश्रय' म्हणतात.
जाच – रोज थोडा थोडा दिलेला त्रास
छळ – मुद्दाम, पुन्हा पुन्हा दिलेला मोठा त्रास
नांदणं – लग्नानंतर सासरी राहणं, संसार करणं
दिवस जाणं – पोटात बाळ असणं. याचा 'दिवस संपणं'शी संबंध नाही!
ताबा – आपल्या हातात असणं. मुलाचा ताबा म्हणजे मूल कोणाजवळ राहणार ते.
दुभाषी – दोन भाषा जाणून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगणारी व्यक्ती
भारतवारी – भारताची फेरी. 'वारी' हा शब्द पंढरपूरच्या वारीतून आला. आपण तो गमतीने वापरतो.

भाषेकडे पाहू

ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा.
तिने घर सोडलं.
तिला घर सोडावं लागलं.
पहिल्या वाक्यात तिने काहीतरी केलं. दुसऱ्यात तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. मराठीत हा फरक क्रियापदाच्या शेवटी येतो आणि 'तिने' बदलून 'तिला' होतं. पाठात असं वाक्य कुठे कुठे आलं आहे ते शोधा. मग विचार करा: निवाऱ्यात आलेली बाई स्वतःबद्दल यातलं कोणतं वाक्य म्हणेल? माझ्या ओळखीच्या एक जणी ठामपणे पहिलं म्हणतात.

'बे' हा फारसीतून आलेला उपसर्ग आहे, म्हणजे 'नसलेला'. बेघर, बेकार, बेफिकीर. संस्कृतातून आलेला 'निर्' हेच काम करतो. निराधार, निर्भय. प्रत्येकाचे आणखी दोन शब्द घरी विचारून आणा.

नवीन ओळखीच्या मोठ्या बाईंना 'ताई' आणि 'तुम्ही' म्हणायचं. त्या अडचणीत आहेत म्हणून 'तू' किंवा 'बिचारी' म्हणायचं नाही.

स्वाध्याय

१. मुलगी "ते मी सांगत नाही" म्हणाली तेव्हा लेखिकेला काय वाटलं? नंतर तिचं मत का बदललं असेल?

२. फुल्यांच्या घरात आणि आजच्या निवाऱ्यात कोणती गोष्ट सारखी आहे? कोणती वेगळी आहे? चार-पाच वाक्यं लिहा.

३. ११ मार्च ही तारीख पाठात दोनदा आली आहे. दोन्ही वेळी काय झालं ते आजी-आजोबांना फोनवर मराठीत सांगा.

४. तुम्ही कोणासाठी तरी दुभाषी झालात, असा एक प्रसंग आठवा. एखादा शब्द बदलला होता का? कोणता? (हे उत्तर वर्गात वाचून दाखवायची सक्ती नाही.)

५. जोडीने संवाद लिहा. पँट्रीत तुम्ही आणि तुमच्याच वयाचा एक मुलगा शेजारी उभे राहून डबे लावत आहात. त्याला बोलतं करा, पण नाव, पत्ता, घरची माणसं, शाळा यांपैकी काहीही विचारू नका. किमान आठ वाक्यं.

६. सुरुवातीला वहीत लिहिलेले तुमचे पाच प्रश्न काढा. निवाऱ्यात चालणार नाहीत ते खोडा. त्यांच्या जागी नवे लिहा. मी माझ्या यादीत आता पहिला प्रश्न असा लिहिला आहे: "तुला भागाकार आवडतो की गुणाकार?"